डिवचू नका

माझ्या मामाला सगळे वाळवीमामा म्हणतात. त्यात अपमान काही नाही. लोकांच्या घरातली वाळवी मारणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात त्याच्याखेरीज दुसरी मीच, त्याची भाची. फोन मी घेते, औषध मी कालवते, व्हॅन मी चालवते. तो शेजारच्या सीटवर बसतो आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवतो. आई गेल्यापासून मी मामा-मामीच्याच घरात वाढले, त्यामुळे मला ऐकून घ्यायची सवय आहे. ऐकवायचीही आहे.

मामा एखाद्या घरात शिरला की माणसांशी नंतर बोलतो, आधी दाराच्या चौकटीशी. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढायचा, उलटा धरायचा आणि मुठीच्या बाजूनं चौकटीवर ठोकत ठोकत खालून वर जायचं. लाकूड टणक वाजलं की पुढे. कुठे बद्द वाजलं की हा थांबणार, डोळे मिटणार आणि कान लावणार. बाहेरून रंग शाबूत, खिळे शाबूत, आत नुसता भुगा. घरमालक म्हणतो, "अहो, कालपर्यंत तर चांगली होती!" मामाचं उत्तर ठरलेलं, "कालपर्यंत तुम्हाला दिसत नव्हती."

त्याच्या धंद्याचा पहिला नियम मी फोनवर इतक्यांदा सांगते की तो मला झोपेतही म्हणता येईल. डिवचू नका. भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली की लोकांचे हात शिवशिवतात. कुणी झाडू घेतं, कुणी चप्पल. खरवडून टाकलं की भिंत स्वच्छ, मनही स्वच्छ. पण वाळवीची एक वाट मोडली की ती दुसरी वाट धरते आणि महिना-दोन महिन्यांनी भलत्याच खोलीतल्या भलत्याच कपाटात निघते. राणी जमिनीखाली सुखरूप असते. म्हणून आहे ती वाट तशीच राहू द्यायची आणि त्याच वाटेनं औषध आत जाऊ द्यायचं, पार राणीपर्यंत. मामा उमेदवारी करत होता तेव्हा एका घरात मालकानं मोठ्या हौसेनं सगळ्या नळ्या खरवडल्या होत्या. पुढच्याच वर्षी त्या घराचा जिना माणसासकट खाली बसला. माणूस वाचला, पण तेव्हापासून मामाच्या डोक्यात हा नियम जो बसला तो बसलाच.

लाकडासाठी तो नियम खराच आहे. मामानं तो माणसाच्या अंगालाही लावला, आणि त्यापायी आमच्या घराच्या तोंडचं पाणी पळालं. आजही ते परत आलेलं नाही.

त्याच्या मानेवरची गाठ मला पहिल्यांदा दिसली ती व्हॅनच्या आरशात. एक मोटरसायकलवाला आडवा आला म्हणून मामा खिडकीबाहेर मान काढून त्याचा उद्धार करत होता. मान ताणली गेली आणि जबड्याच्या खाली, उजव्या बाजूला, कातडीआड लिंबाएवढं काहीतरी वर आलं. त्यानं मान आत घेतली आणि ते नाहीसं झालं.

"मामा, मानेला काय झालंय तुझ्या?"

"कुठं काय?"

"गाठ आहे तिथं."

"असेल. दुखत नाही काही. तू पुढं बघ."

दुखत नाही. आमच्या घरात हे दोन शब्द पुढे दाराच्या कडीसारखे वापरले गेले. कुणी विषय काढला की कडी घालायची. आणि दुसऱ्या दिवसापासून मामाच्या गळ्यात मफलर आला. बाहेर डांबर वितळत होतं, लोक दुकानांच्या सावलीतून चालत होते आणि आमचा मामा मफलर गुंडाळून लोकांच्या पोटमाळ्यावर चढत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी त्याला शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, तेही खोटं बोलून. त्यांच्या दवाखान्याच्या दाराला वाळवी लागलीय असं सांगितलं होतं. मामानं आल्याआल्या दार ठोकून पाहिलं, टणक वाजलं, आणि तो माझ्याकडे वळला तेव्हा डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी मफलर काढायला लावला. बोटांनी गाठ चाचपली, हलवून पाहिली. ती हलली नाही. डॉक्टरांनी मानेची दुसरी बाजूही चाचपली आणि पुन्हा तिथंच आले.

"दुखत नाही म्हणता?"

"अजिबात नाही," मामा अभिमानानं म्हणाला.

"दुखली असती तर मला बरं वाटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "सूज असली, पिकली, तर ती दुखते. न दुखणारी, टणक आणि जागची न हलणारी गाठ मला आवडत नाही. बारीक सुईनं तिच्यातल्या थोड्या पेशी काढून तपासायला पाहिजेत. गळ्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो."

मामानं मफलर पुन्हा गुंडाळला. "थोड्या पेशी काढणार. आणि बाकीच्या?"

"बाकीच्या तिथंच. नुसती तपासणी आहे ही."

"म्हणजे डिवचणार आणि सोडून देणार," मामा म्हणाला आणि उठला.

व्हॅनमध्ये आमचं जे भांडण झालं ते सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या बसनं ऐकलं. मामाचं म्हणणं सरळ होतं. गाठ आपल्या जागी गप बसलीय. तिला सुई लावली की ती बिथरणार, फुटणार, अंगभर पळणार. त्याच्या ओळखीचा एक रंगारी होता, चांगला धडधाकट. सुई लावली आणि बघता बघता आटोपला. "हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?" मामा म्हणाला. मी खूप बोलले, पण माझ्याकडे मुद्दा नव्हता, नुसती भीती होती. भीतीनं माणूस मोठ्यानं बोलतो एवढंच. समोरच्याला ते पटत नाही.

माझी सगळी आशा मामीवर होती. मामी घरी शिलाईचं काम करते, लोकांचे कपडे उसवून बेताचे करून देते, आणि तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार आहे. दोऱ्याचा रंग एक छटा इकडचा तिकडे निघाला म्हणून तिनं दुकानदाराला रडकुंडीला आणलेलं मी पाहिलंय. ती गप्प असते ती फक्त तोंडात टाचण्या धरलेल्या असतात तेव्हा. त्या दिवशी ती कुणाच्या तरी पँटची लांबी धरत बसली होती आणि तोंडात टाचण्या होत्या.

"डॉक्टर सुई टोचायची म्हणतात," मामानं तिला सांगितलं. "मी नाही म्हटलं. दुखत नाही ते डिवचायचं नाही."

आता बॉम्ब फुटणार म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. मामीनं एकेक टाचणी तोंडातून काढली आणि टाचण्यांच्या उशीत खोचली. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." आणि भात टाकायला आत निघून गेली.

मला तिचा इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ही बाई मान डोलावते! पण तिनं मागं वळून पाहिलं नाही, आणि तिचा चेहरा मला दिसला नाही.

त्यानंतर घरात भीती राहायला आली. ती काही आरडाओरडा करत नव्हती, जेवायच्या टेबलावर आमच्याबरोबर बसायची. त्या रोगाचं नाव कुणी घेत नव्हतं. शेजारीण विचारायची, "तसलं काही नाही ना?" मामी म्हणायची, "छे, तसलं काही नाही." तसलं म्हणजे कसलं ते दोघींना माहीत होतं. मामाचा उजवा कान दुखायला लागला. तो कानात थेंब घालायचा आणि उशीवर कान दाबून पडायचा. घास गिळताना थांबायला लागला, जसं घशात काही आडवं आलंय. अर्धी ताटली ठेवून उठायचा आणि म्हणायचा, "उन्हानं भूक मेलीय." शर्ट अंगावर लोंबायला लागले. मामी काही न बोलता ते बाजूनं उसवून आत घेत होती. मला व्हॅनच्या आरशात मागच्या गाड्या दिसेनाशा झाल्या होत्या. सारखी त्याची मान बघायचे. मफलर आता एका बाजूला फुगलेला दिसत होता. मी भीत होते, आणि भीत होते म्हणून त्याच्यावर खेकसत होते. तोही भीत होता, म्हणून तर खेकसत नव्हता.

अशात एका चष्मेवाल्याचा फोन आला. दुकानाच्या मागच्या खोलीत थोडीशी वाळवी आहे म्हणाला. आम्ही गेलो. खोली चांगली होती, चष्म्यांच्या डब्यांनी भरलेली, आणि भिंतीवर मोठं थोरलं कॅलेंडर टांगलेलं. मामानं खालून ठोकायला सुरुवात केली आणि कॅलेंडरपाशी येऊन थांबला. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

"हे काढा," तो म्हणाला.

चष्मेवाला घुटमळला. मामानं स्वतःच ते उचललं. मागे मातीची नळी माझ्या मनगटाएवढी जाड झाली होती. वर छतात गेली होती, खाली कपाटामागे उतरली होती. मामानं कपाटाच्या फळीवर अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला.

"कधीपासून आहे हे?"

"छोटीशीच होती हो. गिऱ्हाईक आत येतं, वाईट दिसतं म्हणून कॅलेंडर लावलं."

मामा भडकला. एवढा भडकलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. "झाकलं म्हणून थांबतं का ते? अं? तुम्हाला दिसलं नाही म्हणजे ते खायचं बंद करतं? छोटं होतं तेव्हा का नाही बोलावलंत?"

चष्मेवाला बिचारा डोळे मिचकावत म्हणाला, "तुमच्या ताईच फोनवर म्हणाल्या होत्या ना गेल्या वर्षी, डिवचू नका म्हणून. मी हात लावला नाही, आणि मग बोलवायचं राहूनच गेलं."

"डिवचू नका म्हणजे दाखवू नका असं नाही!" मामा ओरडला. ओरडताना त्याचा आवाज चिरकला आणि त्याला खोकला आला. तो भिंतीला हात टेकून खोकत राहिला. चष्मेवाल्यानं पाणी आणलं आणि काळजीनं विचारलं, "एवढ्या उकाड्यात मफलर कशाला हो? सोडा की जरा."

मामानं पाण्याचा पेला हातात घेतला, पण प्यायला नाही. दुसरा हात मफलरवर गेला होता आणि तिथंच राहिला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं मी एरवी तोंडावर म्हटलं असतं. त्याचा चेहरा पाहून मी औषध कालवायला घेतलं. काम आटोपून व्हॅनमध्ये बसलो तेव्हा तो समोर बघत म्हणाला, "चल."

"कुठं?"

"त्या सुईवाल्यांकडे."

गळ्याच्या डॉक्टर तरुण होत्या, मामाला काका म्हणाल्या. सुई केसाएवढी बारीक होती. मामानं व्हॅनच्या किल्ल्या मुठीत आवळल्या, आणि किल्ल्यांचे वळ हातावर उमटायच्या आत सगळं संपलं होतं. "एवढंच?" तो म्हणाला. त्यांनी मग नाकातून एक बारीक नळी घातली, टोकाला कॅमेरा असलेली, आणि घशात खोलवर पाहिलं. पडद्यावर ओली लाल भिंत दिसत होती. एका जागी डॉक्टर थांबल्या. मामा चौकटीवर बद्द आवाज आला की थांबतो, अगदी तशा. तिथूनही त्यांनी पुढे एक छोटा तुकडा काढला.

निकाल सांगायला त्यांनी आम्हाला बसवलं आणि दार लावून घेतलं. दार लावलं तेव्हाच मला कळलं.

"काका, हा कर्करोग आहे," त्या म्हणाल्या. गोल गोल बोलल्या नाहीत. "आणि मानेतली गाठ ही याची सुरुवात नाही. सुरुवात जिभेच्या मुळाशी आहे, जिथं तुम्हाला दिसत नाही. तिथून हे मानेत आलंय. तुमचा कान दुखत होता तोही त्यामुळेच. कान आणि जिभेचं मूळ, दोन्हीकडे एकाच नसेच्या फांद्या जातात."

मामाला समजायला कुणाची मदत लागली नाही. "म्हणजे मान ही नुसती नळी," तो म्हणाला. "वारूळ दुसरीकडे आहे."

"हो. तसंच समजा."

 मग लहान पोरानं तक्रार करावी तसा म्हणाला, "पण बाई, मी तर डिवचलंच नव्हतं."

डॉक्टरांना ते समजलं नाही, म्हणून मी त्यांना नियम सांगितला. झाडू, नळ्या, राणी, सगळं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. खुर्ची पुढे ओढली.

"आपल्या अंगातली प्रत्येक पेशी शिस्तीत असते, काका. गरज असेल तेवढी वाढते, शेजारी दुसरी लागली की थांबते, जुनी झाली की आपण होऊन मरते. कधीतरी एखादीत बिघाड होतो आणि ती थांबायचं विसरते. तिच्यापासून होणाऱ्याही थांबत नाहीत. असं वाढून जी आपल्या भिंतीच्या आत राहते ती साधी गाठ. ती मोठी झाली तर जागा अडवते, दाबते, पण घर सोडत नाही. ही तशी नाही. ही भिंत पोखरून शेजारी जाते, अंगात ज्या बारीक वाहिन्या आहेत त्यांत शिरते आणि वाहत जाऊन दुसरीकडे बिऱ्हाड करते. त्यासाठी कुणी डिवचावं लागत नाही."

"आणि राणी? ती सापडली की संपलं ना?"

"यात राणी नसते. एकीला मारलं आणि बाकीच्या उपाशी मेल्या, असं इथं होत नाही. मागे राहिलेली एखादी पेशीही पुन्हा सुरुवात करू शकते. म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचं."

मामाचा चेहरा पांढरा पडला. आयुष्यभर तो राणीच्या भरवशावर लढला होता.

"मग मी वाळलो कशानं?" त्यानं विचारलं. "जेवत होतो की थोडंफार."

"गिळायला त्रास होता, आणि शिवाय हा रोग शरीराचा कारभारच बिघडवतो. भूक मारतो, खाल्लेलं अंगी लागू देत नाही, मांस झिजवतो." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुम्ही सिगारेट ओढत होतात?"

"पूर्वी. कधीच सोडली."

"सोडलीत ते बरंच केलंत. पण पूर्वीचं पुसलं जात नाही सगळं."

"आणि सुई लावल्यामुळे आता हे..."

"नाही. या सुईमुळे पसरायची भीती नसल्यात जमा आहे. हे वेळामुळे पसरतं, काका. तुमचा तो रंगारी बहुतेक सुईमुळे गेला नसेल. सुईपाशी उशिरा पोचला असेल."

घरी येताना मामानं माझ्या चालवण्याला एकदाही नाव ठेवलं नाही. मला रडू आलं ते त्यामुळे.

उपचार सुरू झाले. हातातून औषधाची सलाईन, आणि रोज मानेवर किरण. किरणांच्या वेळी डोकं तसूभरही हलू नये म्हणून त्याच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवायचे आणि तो टेबलाला अडकवायचे. जो माणूस आयुष्यभर लोकांच्या फरशीखाली पोटावर सरपटत गेला, त्याला त्या मुखवट्याची धडकी भरली. आत जाताना माझा हात सोडायचा नाही. मानेची कातडी आधी लाल झाली, मग काळी, मग सोलली. जिभेची चव गेली. चहा मातीसारखा लागतो म्हणाला, आणि माती कशी लागते ते त्याला ठाऊक होतं. मग थुंकी आटली. तोंडचं पाणी पळणं हा मी तोवर नुसता वाक्प्रचार समजत होते. घोट घेतल्याशिवाय त्याला शब्द उच्चारता येईना. पुढे पुढे पाणीही उतरेना, तेव्हा पोटात नळी घातली आणि मामी त्या नळीतून त्याला दूध, सूप भरवायला लागली. मामी सगळं करत होती. पू पुसत होती, उलटीची भांडी धूत होती, शर्ट पुन्हा पुन्हा आत घेत होती. फक्त डावा हात फार वर करत नव्हती. उंचावरचं काही काढायचं झालं की मला हाक मारायची. वय झालं, असं मला वाटलं.

मग काही महिने गेले आणि तपासणी झाली. डॉक्टर पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सध्या तरी काही दिसत नाही." सध्या हा शब्द मामानं बरोबर ऐकला. तोही गिऱ्हाइकांना हमी देताना तोच शब्द वापरतो. पण माझ्या जिवात जीव आला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, म्हटलं. मामाच्या आवाजाची फक्त एक खरखर उरली होती, आणि माझ्या चालवण्याला नावं ठेवायची तर आता तो हातवारे करतो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यानं भरपूर हातवारे केले.

संध्याकाळी तो टेबलापाशी बसला आणि सूप घालून कालवलेला मऊ भात त्यानं चमच्यानं खाल्ला. नळीनं नव्हे, तोंडानं. घासागणिक पाणी पीत होता. मामी शिलाई मशीनपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ती रडेल. ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमचं आता निस्तरलं. तर माझंही एकदा दाखवून घ्यावं म्हणते."

"तुझं काय?" मी विचारलं.

"छातीत आहे. डावीकडे. अलीकडे वाढलंय."

मामाचा चमचा ताटलीवर राहिला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"यांच्या मानेच्या आधीपासून. यांना दाखवलं होतं की मी." ती मामाकडे वळली. तिच्या बोलण्यात आरोपाचा लवलेश नव्हता, तो असता तर सोसलं असतं. "आठवतं ना? तुम्ही म्हणालात, दुखतं का? मी म्हटलं, नाही. तर म्हणालात, मग डिवचू नकोस. मग तुमचंच निघालं. तुमच्या त्या सगळ्यात मी माझं कुठं काढणार होते?"

तेव्हा मला तो दिवस आठवला, टाचण्या एकेक करून उशीत खोचण्याचा. बरोबर आहे तुमचं. नवऱ्याला सुई लावायला लावली असती तर तिला स्वतःलाही लावावी लागली असती, आणि ती भ्यायली होती. मी तिच्यावर रागावून जेवले नव्हते.

मामा उठून तिच्याकडे गेला. बोलायला गेला, तर तोंडातून हवा तेवढी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही तिघं त्याच दवाखान्यात होतो. डॉक्टर दुसऱ्या होत्या, सुई थोडी जाड होती. मामी झोपली, छताकडे बघत म्हणाली, "मला काय सुईचं? जन्म गेला सुया हाताळण्यात." डॉक्टर हसल्या. हसल्या आणि गाठ चाचपताना त्यांचं हसू कमी कमी होत गेलं ते मी पाहिलं. त्यांनी काखेतही चाचपलं. मग म्हणाल्या, "सुरू करू?"

मामीनं मान वळवली. इतकं सगळं झाल्यावरही तिनं कोपऱ्यात उभ्या असलेल्या मामाला विचारलं, "अहो, करू देऊ ना?"

मामानं तोंड उघडलं. कोरडं पडलेलं तोंड, आवाज निघेना. मी बाटली पुढे केली. निम्मं पाणी शर्टावर सांडलं. घोट घेतला, पुन्हा घेतला, आणि त्या खरखरीतून कसाबसा एक शब्द बाहेर काढला.

"डिवचा."

निकाल अजून आलेला नाही. साधी गाठ असेल, असं मी दर थोड्या वेळानं म्हणते. साध्याही असतात, डॉक्टरच म्हणाल्या होत्या, आपल्या भिंतीच्या आत राहणाऱ्या. मामा मशीनशेजारी स्टूल टाकून बसलाय, काल बसला तसा. धंद्याचे फोन येतात. मी सांगते, आत्ता निघतो, आणि आम्ही निघत नाही. मामी एका शाळकरी पोरीचा फ्रॉक लांब करून देतेय. खाली वाकून टीप धरतेय आणि तिच्या तोंडात टाचण्या आहेत. मला ते बघवेना. मी जाऊन तिच्यापुढे बसले.

"मामी, त्या काढ आधी. काहीतरी बोल."

तिनं एकेक टाचणी काढली आणि उशीत खोचली. शेवटची खोचायला तिला उशी सापडेना. मामानं ती तिच्या बोटांतून घेतली.

"भीती वाटते गं," मामी म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाटतेय."